मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

या वेळी गुडघे, साखर आणि थायरॉइडची पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्या मंडळींनी रागावू नये, पुढच्या अंकात त्यांचाच नंबर. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराच्या) साथीच्या बातम्या आल्या आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला. आजाराबद्दल कमी आणि देवाबद्दल जास्त. मी एमबीबीएस आहे, कीर्तनकार नाही. पण बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढल्यावर या दोन गोष्टी वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसत नाहीत हे कळलेलं आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५३, आम्ही कराडजवळ राहतो. एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे करोनाने गेले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं, नर्सताईंनी फोन धरला होता. हे काहीतरी म्हणाले, पण मास्कमुळे मला कळलंच नाही. मी स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेली. अग्नी नगरपालिकेच्या माणसांनी दिला, मुलगा लांब उभा होता. तोंडात तुळशीपत्र नाही, गंगाजल नाही, मी तोंडही पाहिलं नाही. दहाव्याला घाटावर जाता येईना म्हणून गच्चीत पिंड ठेवला. दुपारपर्यंत कावळा शिवला नाही. मग मुलाने तो तसाच उचलला.

त्याच्या आधीच्या नवरात्रात तुळजापूरला ओटी भरायला जाणं चुकलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की हे बरं नाही. चार वर्षं झाली, पण कुठे साथीची बातमी आली की माझ्या छातीत धडधड सुरू होते. रात्री दर अर्ध्या तासाने बोटाला ऑक्सिमीटर लावते. ९७ येतं, मग वाटतं मशीन बिघडलंय, म्हणून दुसऱ्या बोटाला लावते. मुलासाठी महामृत्युंजयाचा १०८ जप करते. मोजणी चुकल्यासारखी वाटली की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी दोन वाजतात. मुलगा पुण्यात सिंहगड रोडला राहतो. जीबीएसची बातमी आली त्या दिवशी मी त्याला चौदा फोन केले. आता एका गुरुजींनी सांगितलंय की ह्यांना गती मिळालेली नाही, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केल्याशिवाय घरातलं आजारपण हटणार नाही. खर्च पस्तीस हजार सांगतात. माझी चूक झाली का? आणि मला वेड लागतंय का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही सगळ्यात शेवटी, घाबरत लिहिलाय. वेड लागत नाहीये. वेड लागलेला माणूस हा प्रश्न सहसा विचारत नाही.

आता तुळजापूर. २०२० साली घटस्थापना १७ ऑक्टोबरला होती. त्या नवरात्रात महाराष्ट्रातली देवळं भाविकांना बंद होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. म्हणजे तुम्ही गाडी करून गेला असतात तरी ओटी महाद्वाराबाहेरच्या पोलिसाच्या हातात द्यावी लागली असती. तुम्ही एकट्या चुकला नाहीत. त्या वर्षी भवानीला लाखो बायका चुकल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे नवरे आज घरात बसून चहा मागताहेत. सासूबाईंना हे सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल, पण स्वतःला सांगा.

कावळ्याचं म्हणाल तर घाटावर पिढ्यान्पिढ्या बसणाऱ्या क्रियाकर्म करणाऱ्यांना विचारा. कावळा आला नाही की ते दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला शिववतात. रोज करतात. घाटावरचे कावळे भाताला सरावलेले असतात, तुमच्या गच्चीवरच्या कावळ्याला काय ठाऊक? ज्याचा देहच हाती लागला नाही अशा माणसासाठी शास्त्रात पालाशविधी आहे, पळसाची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. माणसं लढाईत, समुद्रात, परमुलखात मरतात, सगळ्यांच्या तोंडात तुळशीपत्र पडत नाही, हे ज्यांनी शास्त्र लिहिलं त्यांना माहीत होतं. तुमच्या ह्यांना तर रीतसर अग्नी मिळाला. तो देणारा माणूस त्या महिन्यात दिवसाला कितीजणांना अग्नी देत होता आणि घरी जाऊन आपल्या पोरांपासून लांब झोपत होता, हे मी पाहिलेलं आहे. त्याच्या हाताला कमी लेखू नका.

मी माण तालुक्यातली. माझी आजी १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत वाचलेली. दोन भाऊ आणि आई एका पंधरवड्यात गेली, ती तेव्हा दहा वर्षांची. हिंदुस्थानात त्या साथीत कोटीच्या वर माणसं मेली हे मी पुढे कॉलेजात वाचलं. आजीला एवढंच आठवायचं की लाकडं संपली होती. पुढे पटकी (कॉलरा) आली की गावात मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाड्यावर देवी, हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, दहीभात, पुढे पोतराज अंगावर कोरडे ओढत. शिवेपर्यंत नेऊन गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. माझ्या थोरल्या बहिणीला देवी आल्या तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा टहाळा, बाहेरच्यांना मज्जाव, आणि आजी सगळ्यांना दटावायची, ‘हळू बोला, घरात देवी आल्यात.’ बहीण वाचली, तिच्या गालांवर वण आहेत.

आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांना मज्जाव करण्यात शहाणपण होतं, पण साथ शेजारच्या गावात ढकलण्यात कसलं विज्ञान? मला सांगायचंय ते वेगळंच. आजीच्या लेखी देवी यायची आणि जायची. तिला पाहुणचार हवा असायचा, थंडावा हवा असायचा. कोप हा शब्द आजीच्याही तोंडी होता, पण तो कोप गावावर. माझी बहीण आजारी पडली तेव्हा ‘कुणाचं काय चुकलं’ असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही. सगळीकडे असंच होतं असं नाही. साथीत एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून तिला चेटकीण ठरवल्याच्या गोष्टीही मी लहानपणी ऐकल्यात. तुमचे गुरुजी नेमकं तेच करताहेत, फक्त आवाज गोड आहे. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं गेली, त्यातलं एक घर उचलायचं आणि म्हणायचं, तुमचं काहीतरी राहिलंय. पस्तीस हजार तुमचे आहेत, तुम्ही कुठेही खर्च करा. पण ‘नाही केलंत तर मुलगा आजारी पडेल’ असं जो म्हणतो तो तुम्हाला धर्म सांगत नाही, धमकी देतोय. श्राद्ध करावंसं वाटतंय ना? सर्वपित्रीला घरी करा, ह्यांना आवडायचं ते करा.

आता जप आणि ऑक्सिमीटर. माझ्या दृष्टीने ही दोन्ही एकच आहेत. दोन्हीकडे आकडा बघितला की घडीभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. मग हायसं वाटणं दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. मराठीत याला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे, डॉक्टर ओसीडी म्हणतात. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. सातारा किंवा कराडला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, तोवर १४४१६ या टेलीमानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. त्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तुमच्या वयात पाळी जाते तेव्हाही धडधडतं, घाम येतो, आणि बायका ते भीतीच्या नावावर खपवतात. छातीत दुखलं, चालताना धाप लागली तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, ईसीजी काढा.

ऑक्सिमीटर शेजारणीकडे ठेवायला द्या. ताप-खोकला असेल तेव्हा मागायचा, एरवी नाही. गार बोटाला, मेंदीच्या नखाला ते यंत्र कमी दाखवतं, म्हणून रात्री दोन वाजता गार हातांनी बघितलं की ९४ दिसणार आणि तुम्ही उठून बसणार.

जप सोडू नका. मोजणी सोडा. पहिल्या दिवशी माळ न घेता, घड्याळ न बघता दहा-बारा वेळा म्हणा आणि मुद्दाम अर्ध्यावर थांबा. जीव कासावीस होईल. होऊ द्या. ओट्यावरची भांडी लावा, दूध विरजा. वीस-पंचवीस मिनिटांत ती कासाविशी आपोआप उतरते, आणि मुलगा सकाळी ‘आई, चहा पितोय’ असा मेसेज करतोच. उपचारात डॉक्टर हेच पायरीपायरीने करून घेतील. अपराधी वाटलं तर हरिपाठाचा पहिलाच अभंग काढा, त्यात ज्ञानेश्वर महाराजच विचारतात, पुण्याची गणना कोण करी. हरिपाठ तुम्हाला पाठ असणारच, कराडकडच्या आहात.

आणखी एक. दुसऱ्या लाटेत मी निवृत्त होते, पण आमच्या गावाजवळच्या कोविड सेंटरवर सात आठवडे गेले. औषधोपचार तरुण मुलं बघायची, माझं काम फोन धरायचं. मास्कच्या आड माणसं काय बोलतात ते मला ओठांजवळ कान नेऊन ऐकावं लागायचं आणि घरच्यांना मोठ्याने सांगावं लागायचं. निरोपाची भाषणं कुणी करत नव्हतं. ‘पाणी दे’, ‘गॅसचा नंबर लावला का’, ‘म्हशीला बघ’, आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘जेवलीस का?’ तुमच्या ह्यांनी हेच विचारलं असं मी म्हणणार नाही, मी तिथे नव्हते.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, आयटीत आहे. करोनापासून आईचं देव-देव फार वाढलंय. अंगारा पाण्यात घालून सगळ्यांना पाजते. जीबीएसच्या वेळी मी कामासाठी पुण्याला चाललो होतो, तर तिने मनगटाला मंतरलेला काळा धागा बांधला. मी तिच्यासमोरच कात्रीने कापला आणि म्हणालो, ‘धाग्याने बॅक्टेरिया मरतात का?’ तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. डबा देते, बोलत नाही. मी चुकलो असं मला वाटत नाही. अंधश्रद्धेला खतपाणी का घालायचं?

उत्तर : तुझं पत्र वाचून तुला अहो-जाहो करवत नाही, तेव्हा अरे-तुरेच करते. बॅक्टेरिया धाग्याने मरत नाहीत, बरोबर. कात्रीनेही मरत नाहीत.

आईला करोनात नेमकी कशाची भीती वाटली होती, हे तू कधी विचारलंस का? पत्रात ते कुठेच नाही. अंगारा आहे, धागा आहे, आईचं काय झालं होतं ते नाही.

एक प्रसंग सांगते. १९८८ चा पावसाळा, खटाव तालुक्यातलं एक गाव, जुलाब-उलट्यांची साथ. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायला आम्ही गेलो तर लोकांनी अडवलं, ‘पाण्याला वास येतो, देवीला चालत नाही.’ मी तेव्हा तुझ्याच वयाची होते आणि तुझ्यासारखीच हुशार. चावडीवर उभी राहून भाषण ठोकलं. कुणी हललं नाही. आमच्याबरोबरचे आरोग्यसेवक होते, पन्नाशीचे, ते गुपचूप जाऊन मरीआईच्या भगताजवळ बसले. अर्ध्या तासाने परत आले आणि म्हणाले, ‘बाई, झालं काम.’ दुसऱ्या दिवशी भगताच्या अंगात आलं आणि देवी म्हणाली, पाणी उकळून प्या, आणि सरकारी पुडीतलं पाणी हा माझाच प्रसाद. जलसंजीवनीची पाकिटं दुपारपर्यंत संपली. मग आम्ही घरोघरी शिकवलं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. भगताने मात्र आमच्याकडून एक कोंबडी वसूल केली, आणि ती सरकारी खर्चात कुठे दाखवायची यावर आरोग्यसेवक आठवडाभर डोकं खाजवत होते.

हे सगळीकडे चालतं असं नाही. पुढे एका गावात भगतानेच अंगाऱ्यासाठी पोर अडवून धरलं होतं. तिथे मी पोलीसपाटलांना बोलावलं आणि मूल जीपमध्ये घातलं. धाग्याआधी किंवा धाग्यानंतर औषध घेतलं जात असेल तर माझी तक्रार नाही. धाग्याच्या बदल्यात औषध थांबत असेल तर मी अजिबात गोड बोलत नाही.

तुझ्या घरात काय थांबलंय? तुझ्या पत्रावरून तरी काहीच नाही. पुण्यातल्या त्या साथीत सगळ्यात जास्त संशय नांदेड गाव, किरकटवाडी भागातल्या दूषित पाण्यावर होता. पोटात कॅम्पिलोबॅक्टरसारखा जंतू जातो, जुलाब होतात, आणि मोजक्या लोकांत शरीराची संरक्षक फौज आपल्याच नसांवर उलटते, त्याला जीबीएस म्हणतात. तो एकाकडून दुसऱ्याला शिंक-खोकल्याने लागत नाही. म्हणजे आईच्या अंगाऱ्याने तुला काही होणार नाही, पण तो ज्या पाण्यात कालवते ते टँकरचं, न उकळलेलं असेल तर होईल. तेव्हा आजपासून घरातलं पाणी तू उकळायचंस. तू, आईने नाही. आणि गार झाल्यावर पहिला पेला तिला द्यायचा, तिला त्यात काय घालायचं ते घालू दे.

माझ्या पर्समध्ये आजीचा ताईत आहे. त्यात काय आहे ते मी अजून उघडून बघितलेलं नाही. इंटर्नशिपला ससूनच्या संसर्गजन्य वॉर्डात असताना तो गळ्यात होता, आणि दंडावर लशींच्या खुणाही होत्या. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली, तशा बाण्याची मी नाही. मला दोन्ही लागले.

धागा नवीन मागून घे. काय बोलायचं ते सुचलं नाही तर नुसतं मनगट पुढे कर.

प्रश्न : मी मिरजेचा, वय ४४. माझे अब्बा सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने वारले. दवाखान्याने मय्यत प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिली, गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, देऊ दिला नाही, कफन वरून टाकलं. चेहराही दाखवला नाही. जनाज्याला आम्ही पाचजण. अम्मी आजही म्हणते, ‘बिना गुस्ल के गये.’ तिला आता स्वतःच्या मरणापेक्षा, आपली मय्यत कशी निघेल याचीच धास्ती आहे. सर्दी झाली तरी दवाखान्यात यायला तयार नाही. तिला काय सांगू?

उत्तर : तुमच्या धर्माबद्दल मी परस्पर बोलणं बरोबर नाही, म्हणून माझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेल्या आमच्या फार्मासिस्टभाईंना विचारलं. ते पाच वक्त नमाजी आणि हदीस वाचलेले. त्यांनी सांगितलं ते असं. साथीच्या रोगाने, ताऊनने मरण पावलेल्या मुसलमानाला शहादतचा, म्हणजे हुतात्म्याचा दर्जा आहे असं हदीसमध्ये आहे. पाण्याने अंघोळ घालणं शक्य नसेल तर तयम्मुम (पाण्याऐवजी स्वच्छ मातीने शुद्धी), आणि तेही जमण्यासारखं नसेल तर माफी, असं करोनाच्या काळात अनेक उलेमांनी सांगितलं होतं. अम्मींना हे माझ्या तोंडून नको, तुमच्या मोहल्ल्यातल्या ज्या मौलानांवर त्यांचा विश्वास आहे त्यांना घरी बोलावून त्यांच्या तोंडून ऐकवा. फार्मासिस्टभाई आणखी म्हणाले, साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, हेही हदीसमध्येच आहे. म्हणजे दवाखाना, अलगीकरण हे काही परकं नव्हे.

आता माझ्या अखत्यारीतलं. चेहरा दाखवला नाही, हे चुकीचं झालं. केंद्र सरकारची १५ मार्च २०२० ची सूचना होती. तिच्यात कर्मचाऱ्याने पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना लांबून अखेरचं दर्शन द्यायला परवानगी होती, स्पर्श न करता करायच्या धार्मिक विधींनाही होती. अंघोळ, मिठी, चुंबन यांना मनाई होती. दफनालाही हरकत नव्हती. मुंबईत ३० मार्च २०२० ला महापालिकेने धर्म कोणताही असो सर्व मृतदेहांचं दहनच करा असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी मागे घेतलं. पुढे मे महिन्यात उच्च न्यायालयानेही दफनाच्या बाजूने निकाल दिला. पण खाली वॉर्डात, शवागारात घाबरलेली माणसं होती, आणि घाबरलेला माणूस नियमापेक्षा जास्त कडक वागतो. कराडच्या ताईंनीही तोंड पाहिलं नाही, वर वाचलंत ना? मी ज्या सेंटरवर होते तिथेही दोनदा असं झालं. चेन उघडा असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

अम्मींना एवढं सांगा की ते नियम त्या साथीपुरते होते. आज दवाखान्यात कुणी वारलं तर गुस्ल, कफन, जनाजा सगळं घरच्यांच्या हातून होतं. हवं तर त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवून हे विचारू द्या. सर्दीची गोष्ट वेगळी, पण सत्तरीच्या बाईने छातीतला कफ घरात जिरवू नये.

प्रश्न : २०२० साली पालख्या एसटीने पंढरपूरला नेल्या. शेकडो वर्षांची पायी वारी मोडली, म्हणून पुढच्या वर्षी दुसरी लाट एवढी भयंकर आली, असं आमच्या फडावर बोललं जातं. आपलं मत? (वय ७१, बार्शी)

उत्तर : माझं मत, नाही. ३० जून २०२० ला पादुका एसटीत बसल्या, दुसऱ्या दिवशी आषाढी झाली. त्या वर्षी वारी मोडली नाही, माणसं घरी राहिली. मी अकरा वर्षं वारीच्या वैद्यकीय पथकात होते. वाखरीच्या तळावर रात्री दोन वाजता तंबूत एका खाटेवर तिघे सलाइन लावून पडलेले असत, आणि पहाटे तिघेही सुई काढून दिंडी गाठायला पळायचे. त्या गर्दीत करोना शिरला असता तर मी आज तुमच्या फडाला पत्र लिहिलं असतं, पण वाचायला फडावर किती जण उरले असते? आणि भयंकर लाट ज्या देशांत विठ्ठलाचं नावही कुणी ऐकलेलं नाही तिथेही आली. एवढा हिशेब तो विटेवरचा ठेवत असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर आपलं भांडण पंढरपुरातच मिटवू. मी दर कार्तिकीला असते.

प्रश्न : मित्राच्या तेराव्यापासून मरणाची भीती बसली. ती जावी म्हणून रोज रात्री झोपताना गरुडपुराण वाचतो. आता झोपच येत नाही. बीपी १५०/९० आहे. (वय ६७, नागपूर)

उत्तर : रात्री अकराला वैतरणी, कुंभीपाक आणि यमदूत वाचल्यावर कुणाला झोप येईल? बीपीचा आकडा एकदाच घेतलेला दिसतो. आठवडाभर सकाळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा, वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध लागेल असं वाटतंय.

आणि पुराण वाचायचंच असेल तर पूर्ण वाचा. लोक प्रेतखंडच तेवढा वाचतात, कारण तेराव्यापर्यंतच्या दिवसांत तोच वाचला जातो. त्याच पुराणात तापाची, खोकल्याची निदानं आहेत, औषधी आहेत, घराण्यांच्या वंशावळ्या आहेत. हिरा, पाचू, पुष्कराज कसे पारखावेत यावर तर लांबलचक प्रकरणं आहेत. रात्री ती काढा. दुसऱ्या पानावर झोप लागेल.